गावाचा पूर आराखडा: ‘पाणी वाढल्यास स्थलांतर करावे’ याच्या पुढं काय लिहायचं?

नदीकाठ_करवीर

मंडळी, गाव करवीर तालुक्यातलं, पंचगंगेच्या काठचं. साधारण साडेतीनशे उंबरा, त्यातला निम्मा सखलात. २०१९ आणि २०२१, दोन्ही वेळा गावात पाणी. ग्रामपंचायतीच्या कपाटात आपत्ती आराखड्याची फाईल आहे. तिच्यात सरपंच, तलाठी, पोलीसपाटलांचे फोन नंबर आणि ‘पाणी वाढल्यास सखल भागातील कुटुंबांचे स्थलांतर करावे’ हे एक वाक्य. कुठली कुटुंबं, कुठल्या पातळीला, जनावरं कुठं, यातलं काही नाही.

उन्हाळ्यात ग्रामसभेपुढं धड काहीतरी ठेवायचंय. अडलंय ते इथं:

राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. पण ४३ ला आमच्याकडं काहींच्या दारात पाणी असतं आणि काहींना पत्ताही नसतो. मग हलायचं कधी ते ठरवायचं कसं?

लोक जनावरांपायी हलत नाहीत. त्यावर काय करता येतं?

आणि ओसरल्यावरचे पंधरा दिवस. विहिरी, वीज, पंचनामे. दरवेळी गोंधळ.

‘कलेक्टर ऑफिसला विचारा’ सोडून काहीही सांगा.

ओळंबा

३९ आणि ४३ हे कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यावरचे आकडे. ते जिल्ह्याला जागं करायला आहेत, तुमच्या उंबऱ्यासाठी नाहीत. गावाला हवा तो प्रत्येक घराचा स्वतःचा फूट. म्हणजे या घराच्या उंबऱ्याला पाणी टेकतं तेव्हा बंधाऱ्यावर किती असतं? हा एक रकाना भरला की बाकीचा आराखडा आपोआप सुटत जातो, आणि तो भरायला सरकारी निधी लागत नाही.

आधी खुणा गोळा करा. २०२१ च्या पुराची रेघ बऱ्याच भिंतींवर अजून दिसते, शाळा, देऊळ, सोसायटीचं गोदाम. तीन-चार ठिकाणच्या रेघा जुळतात का बघा. लाटेनं किंवा ओलीनं वर चढलेली रेघ खरी धरू नका. भिंतीत ओल दीड-दोन फूट वर चढते आणि पुराच्या खुणेसारखीच दिसते. गाळाची बारीक कड असते ती खरी.

मग गवंड्याची पाण्याची नळी घ्या. अर्धा इंची पारदर्शक, १५ मीटर. पाण्यात नीळ टाका म्हणजे पातळी लांबून दिसते. नळी बादलीतून ओढून सावकाश भरायची. घाईत भरली की मधे बुडबुडा राहतो आणि सगळं माप खोटं येतं. अर्धी नळी उन्हात आणि अर्धी सावलीत ठेवू नका, त्यानंही फरक पडतो. शाळेच्या भिंतीवरच्या खुणेपासून सुरुवात करून घरोघर पातळी पुढं न्यायची, उंबरा त्या पातळीच्या किती खाली आहे ते मोजायचं, आणि गल्ली संपली की परत शाळेच्या खुणेवर येऊन थांबायचं. इंचापेक्षा जास्त फरक आला तर ती गल्ली पुन्हा मोजा. गाव लांबलचक असेल तर सिव्हिल इंजिनिअरिंगच्या पोरांना ऑटो लेव्हल (पातळी मोजायची दुर्बीण) घेऊन बोलवा, एका दिवसाचं काम आहे.

इथं बहुतेक जण एक चूक करतात. उंबरा २०२१ च्या खुणेच्या ३ फूट खाली, बंधाऱ्यावर तेव्हा ५६ फूट ३ इंच, म्हणून घराचा फूट ५३. असं सरळ वजा होत नाही. बंधाऱ्यावर एक फूट वाढलं म्हणजे तुमच्या गावात एक फूटच वाढेल असं नसतं. पात्र कुठं अरुंद, कुठं शेतात पसरलेलं. म्हणून दोन पूर लागतात. २०२४ च्या जुलैत बंधाऱ्यावर ४७ च्या वर गेलं होतं, ती खूण रस्त्यालगत कुठंतरी लोकांना आठवत असणारच. समजा त्या दोन पुरांत बंधाऱ्यावरचा फरक साडेआठ फूट आणि तुमच्या गावात मोजलेला फरक ७ फूट. मग गावातले ३ फूट म्हणजे बंधाऱ्यावरचे ३ गुणिले साडेआठ भागिले ७, साधारण ३ फूट ८ इंच. घराचा फूट ५३ नव्हे, साडेबावन्न. नोंदवहीत ५२ लिहा. नेहमी खालचा पूर्ण फूट. २०१९ चे ५५ फूट ७ इंच हे २०२१ च्या इतके जवळ आहेत की त्या जोडीवर गुणोत्तर काढू नका, इंचभर चुकीनं सगळा हिशोब वाकडा होतो.

आता महत्त्वाचं. घराच्या फुटावर हलायचं नसतं, *रस्त्याच्या* फुटावर हलायचं असतं. गावाबाहेर जाणारा रस्ता कुठल्यातरी ओढ्याच्या मोरीवर घराच्या कितीतरी आधी बुडतो आणि गावाचं बेट होतं. त्या मोरीची पातळी पहिली काढा. समजा ती ४४ ला बुडते. पाणी तासाला ३ इंचानं चढत असेल तर १२ तासांत ३ फूट. सगळी जनावरं आणि म्हातारी माणसं काढायला १२ तास लागणार असतील तर ४१ ला पहिली गाडी सुटलेली हवी. रात्रीचं काम होत नाही, म्हणून संध्याकाळी ५ ला ३९ असेल आणि चढतं असेल तर तेव्हाच. थोडक्यात या उदाहरणात गावाचा इशारा ३९ आणि धोका ४१. तुमच्या मोरीवरून असेच दोन आकडे काढा आणि ग्रामसभेत ठरावात घ्या.

तसाच ट्रान्सफॉर्मरच्या पेटीचा फूट, पाणीपुरवठ्याच्या मोटारीच्या पॅनेलचा फूट, मोबाईल टॉवरच्या जनरेटरचा फूट काढा. या तिघांपैकी जो आधी बुडेल त्याच्या आत सगळे निरोप पोहोचलेले हवेत, कारण नंतर फोन लागत नाही. कोल्हापूर शहरातही हेच झालं. २०१९ आणि २०२१ ला पुराचं पाणी घरात न शिरलेल्या पेठाही कोरड्या पडल्या, कारण बालिंगा आणि शिंगणापूरची उपसा केंद्रं पाण्यात गेली होती.

दावण

जनावरांचं सांगतो. लोक हलत नाहीत हा हट्ट नाही, हिशोब आहे. दुभती म्हैस सोडून शाळेच्या वर्गात जाऊन बसा म्हटल्यावर कोण जाईल? घरटी एक माणूस मागं राहतो आणि मग त्याला काढायला बोट लागते. त्यामुळं आधी जनावरांची जागा, मग माणसांची.

३०० मोठी जनावरं धरून आकडे देतो, तुमच्या संख्येनं गुणा-भागा.

जागा: बांधलेल्या म्हशीला १० बाय ४ फूट, म्हणजे ४० चौरस फूट. ३०० ना १२,००० चौरस फूट. गव्हाण, मधली वाट, शेणाची जागा धरून अर्धा एकर. जमीन मुरमाड हवी. काळ्या रानात दुसऱ्या दिवशी गुडघाभर राडा होतो आणि खुरं कुजतात, कासदाह होतो. छप्पर नसेल तर निदान ताडपत्री आणि बांबू आधी आणून ठेवा. संततधारेत उघड्यावर दूध निम्म्यावर येतं.

पाणी: पिण्यापुरतं जनावरी ६० लिटर, दिवसाला १८,००० लिटर. १० हजारी टँकरच्या दोन खेपा. पुराचं पाणी पाजू नका.

चारा: कोरडा ५ किलो, ओला १५ किलो. ३०० ना दीड टन कडबा आणि साडेचार टन ओलं, *रोज*. पुरात ओलं म्हणजे उसाचं वाडं एवढंच मिळतं. नुसत्या वाड्यावर कॅल्शियम कमी पडतं, म्हणून रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण. खरा उपाय मुरघास, म्हणजे हवाबंद मुरवलेला हिरवा चारा. मका कापून पिशव्या भरल्यावर किमान ४५ दिवस लागतात, त्यामुळं एप्रिल-मेच्या सुरुवातीला भरल्या तर जुलैत उपयोग. जनावरी १० किलो धरला तर आठ दिवसांना २४ टन. हे एकट्या-दुकट्याचं काम नाही, दूध संस्थेनं करायचं. फाटकी पिशवी बुरशी धरते, ती जनावरांना घालू नका.

लस: घटसर्प आणि फऱ्या, मेअखेर ते जूनच्या पहिल्या आठवड्यात. पूर आल्यावर टोचून उपयोग नाही, प्रतिकारशक्ती यायला दोन-तीन आठवडे जातात.

नेताना: चालत न्या. टेम्पोत दोन-तीन मावतात, ३०० जनावरांना किती खेपा होतील बघा. गाभण, व्यायलेल्या आणि वासरं तेवढी गाडीतून. आणि कानातला १२ आकडी बिल्ला प्रत्येकाला हवाच, नंतर भरपाईला तोच लागतो. पाणी दारात आलं आणि न्यायला वेळच उरला नाही, तर दाव्याची गाठ सोडून द्या. पोहता येतं त्यांना. बांधलेली मरतात.

कृष्णेचा_फुगवटा

ओळंबा यांचं सगळं बरोबर, पण हा धागा शिरोळवाले पण वाचतील म्हणून सांगतो: राजाराम बंधाऱ्याचा फूट आमच्याकडं चालत नाही. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णा फुगलेली असेल तर पंचगंगेचं पाणी पुढं सरकत नाही, मागं तुंबतं. बंधाऱ्यावर उतार सुरू झाल्याची बातमी येते, कोल्हापूरवाले सुटकेचा श्वास सोडतात, आणि कुरुंदवाडात पाणी चढतच असतं.

कुरुंदवाड, राजापूर, खिद्रापूर भागानं बघायचं ते वेगळं. कोयना आणि चांदोलीतून किती सोडलंय. सांगलीला आयर्विन पुलावर किती आहे (तिथं ४० इशारा, ४५ धोका). राजापूर बंधाऱ्यावरून पुढं किती विसर्ग जातोय. आणि अलमट्टीत किती येतंय, किती सोडतायत. अलमट्टीची उंची ५१९ मीटर की ५२४ यावर भांडायला दुसरे धागे आहेत, कृपया इथं नको.

करवीरवाल्यांनीही धरणांचा एक घोळ डोक्यातून काढावा. दूधगंगेचं, म्हणजे काळम्मावाडीचं पाणी पंचगंगेत येत नाही, ते खाली कृष्णेला मिळतं. तुम्हाला लागतं ते राधानगरी, तुळशी, कुंभी, कासारी. त्यात राधानगरीचे सात दरवाजे स्वयंचलित, धरण भरलं की आपोआप उघडतात, एकातून १,४२८ क्युसेक. ‘दरवाजे उघडू नका’ म्हणून फोन करण्यात अर्थ नसतो. आणि फक्त धरणांकडं बघत बसू नका. धरणाच्या खाली पडणारा पाऊस कुठल्याच दरवाज्यातून येत नाही, तो थेट नदीत.

बोटीबद्दल दोन ओळी. २०१९ ला ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं बुडाली ते सगळ्यांना माहीत आहे. बोटीच्या अंगावर माणसांची संख्या ऑइलपेंटनं मोठी लिहा, जॅकेट जितकी तितकीच माणसं, अंधारात फेरी नाही. इंजिनाला पेट्रोल आणि त्यात मिसळायचं ऑइल जूनमध्येच भरून ठेवा. बेट झाल्यावर पंप कुठला?

टीसीएल_पावडर

ओसरल्यानंतरचं.

घरं. मातीच्या भिंती पाण्यात असताना कमी पडतात, पाणी उतरल्यावर जास्त. बाहेरचा दाब जातो आणि आतून भिजलेली भिंत स्वतःच्या वजनानं बसते. ऊन पडल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी पडलेल्या भिंती नेहमीच्या. म्हणून कच्च्या घरात आठवडाभर झोपायचं नाही, दिवसा साफसफाईला जायचं तेही तुळईखाली टेकू देऊन. तळघर असेल तर पाणी एकदम उपसू नका, रोज तिसरा हिस्सा. बाहेरची जमीन अजून पाण्यानं भरलेली असते, ती भिंत आत ढकलते.

वीज. मेन स्विच बंद आहे का बघून मगच घरात पाय. पाण्यात गेलेला बोर्ड पंख्यानं वाळवून चालू करणारे महाभाग दरवर्षी असतात. वायरमनकडून मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावून वायरिंग तपासा, गाळ बसलेले स्विच-सॉकेट फेकून द्या, अर्थिंगची जागा पुन्हा बघा. मोटारी वाळवून, वाइंडिंग तपासून मगच.

विहीर. आधी उपसा, गाळ काढा, मग टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. ६ मीटर व्यासाच्या विहिरीत ५ मीटर पाणी म्हणजे ३.१४ गुणिले ३६ भागिले ४ गुणिले ५, साधारण १ लाख ४१ हजार लिटर. पुरानंतरचा पहिला जबर डोस १,००० लिटरला १५० ग्रॅम, म्हणजे २१ किलो. एक रात्र ठेवायचं, दुसऱ्या दिवशी ते पाणी उपसून टाकायचं. प्यायचं नाही. मग रोजचा डोस १,००० लिटरला अडीच ग्रॅम, या विहिरीला ३५० ग्रॅम. पावडर बादलीत कालवून निवळू द्या आणि वरचं पाणी ओता, खालचा चुना नको. एक तासानं ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन किती उरला ते बघायचं (लिटरला मिलिग्रॅममध्ये). नेहमी नळाला ०.२ चालतं, पुरानंतर शेवटच्या नळाला ०.५ यायला हवं. येत नसेल तर डोस वाढवा, आणि त्याआधी पावडर बघा. ओलीत ठेवलेल्या पोत्यातला क्लोरीन उडून जातो. २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर टाकणं म्हणजे खडू टाकणं. गोदाम पुराच्या रेषेच्या वर हवं हे सांगायला नको, पण बऱ्याच गावांत ती पोती ग्रामपंचायतीच्या तळमजल्यावरच असतात.

चिखलात अनवाणी उतरणाऱ्यांना लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) धोका. गमबूट, हातमोजे, आणि प्रतिबंधक गोळ्या आरोग्य केंद्रातून डॉक्टरांना विचारूनच.

आता पंचनामे, जिथं खरे पैसे अडकतात.

घर धुण्याआधी फोटो. भिंतीवरच्या रेघेला टेप लावून, तारीख-वेळ दिसेल असा. पक्क्या घराची पडझड १५ टक्क्यांच्या वर आहे का यावर अंशतः नुकसानीची मदत ठरते, त्यामुळं प्रत्येक खोलीचा वेगळा फोटो. कपडे-भांड्यांची मदत घर दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्यात होतं का यावर असते. ‘चार दिवस होतं’ असं नुसतं म्हणून भागत नाही. ओळंब्यांची घर-फूट नोंदवही आणि बंधाऱ्याच्या तासातासाच्या नोंदी शेजारी ठेवल्या की कुठल्या घरात कधीपासून कधीपर्यंत पाणी हे सिद्ध होतं. त्या वहीचा हा दुसरा फायदा.

शेतात गाळ ३ इंचांच्या वर असेल तर तो काढायची मदत वेगळी आहे, पण ट्रॅक्टर घालण्याआधी पट्टी रोवून फोटो काढलेला हवा. पिकाला ३३ टक्के नुकसानीची अट. जनावर दगावलं तर २०२२ ते २०२६ च्या निकषांत दुभत्या म्हशीला-गाईला ३७,५०० रुपये होते. बिल्ला नंबर आणि पशुवैद्यकाचा दाखला नसेल तर शून्य. राज्य सरकार दर पुराला वेगळा शासन निर्णय काढतं, तेव्हा दर तोच बघायचा.

सगळ्यात जास्त प्रकरणं अडतात ती नावावरून. सातबारा अजून आजोबांच्या नावावर, ते वारून वीस वर्षं झालेली. किंवा चार भावांचं सामाईक खातं आणि एक मुंबईला. वारस नोंदी मे महिन्यात लावून घ्या, सामाईक खात्यांची संमतीपत्रं आधीच सह्या करून फाईलला ठेवा. भाडेकरूंची यादी वेगळी करा, नाहीतर घरमालकाचं नाव लागतं आणि ज्याची गादी-भांडी गेली तो बाजूला राहतो.

नदीकाठ_करवीर

एवढं अपेक्षित नव्हतं, आभार सगळ्यांचे. दोन शंका. ग्रामसभेत ‘रस्ता चार फूट उंच करा’ ही मागणी हमखास येणार. आणि काही जण म्हणणार, कायमचं पुनर्वसनच मागा.

ओळंबा

रस्ता उंच करा म्हणताना मोऱ्या किती मोठ्या करणार ते त्याच अर्जात विचारा. भराव टाकून उंच केलेला रस्ता म्हणजे नदीच्या पसाऱ्यात घातलेला बांध. खालच्या अंगाचं गाव सुखी आणि वरच्या अंगाचं एक फूट जास्त बुडालं, असं होतं. खांबांवरचा रस्ता महाग असतो, पण मागायचाच तर तो मागा. नाहीतर नुसती ती बुडणारी मोरी मोठी करून घ्या; दोन-तीन फूट रस्ता जास्त टिकला तर अर्धा दिवस हातात येतो.

पुनर्वसनाचं चिखली-आंबेवाडीकडं बघा. १९८९ च्या पुरानंतर सोनतळीला जागा दिल्या, तरी गाव जुन्या जागी आहेच. ऊस इथं, गोठा इथं, मग माणूस तिथं कसा राहील? माझं मत: घरं हलवायच्या आधी गोठे हलवा. उंचावर सामाईक गोठा, पाणी, दूध संकलन, निदान जून ते सप्टेंबर. गोठा गेला की माणूस मागोमाग जातो.

नवीन बांधकामाला मात्र ग्रामपंचायतीनं खमकं राहावं. निळ्या रेषेच्या आत, म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या पट्ट्यात, नवीन घर नाहीच. निळ्या आणि लाल (१०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या) रेषांच्या मधे प्लिंथ, म्हणजे जोतं, लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ४५ सेंटिमीटर वर. घरापुढं मुरूम टाकून अंगण उंच केलं म्हणजे प्लिंथ वर आली असं नव्हे, आणि ते पाणी शेजाऱ्याच्या दारात जातं ते वेगळंच.

नदीकाठ_करवीर

समजलं. आत्ताच एक अडचण दिसतेय. घरावर फुटाची रेघ मारायची म्हटल्यावर दोघा-तिघांनी नाही म्हणून सांगितलं. जागेची किंमत पडते म्हणे.

ओळंबा

दर्शनी भिंतीवर मारूच नका. दाराच्या चौकटीच्या आतल्या अंगाला खिळ्यानं बारीक खूण, आणि आकडा फक्त वहीत, घर नंबरापुढं. ग्रामसभेत वाचताना नावं नकोत, गल्लीवार वाचा: ४६ पर्यंत कुठली घरं, ४८ पर्यंत कुठली. नोंदवहीच्या दोन प्रती, एक पोलीसपाटलांकडं आणि एक दूध संस्थेत. दूध संस्थेत यासाठी की सकाळ-संध्याकाळ गाव तिथं येतंच, फळ्यावर त्या वेळचा बंधाऱ्याचा फूट लिहिला की ज्यानं त्यानं आपला आपण ताडून बघायचा.

दावण

फळ्यावर फुटाबरोबर वेळ पण लिहा. कालचा आकडा आज वाचून दावणी सोडायला उशीर करणारे असतात.